नववी होडी

त्या होडीचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. तीस-बत्तीस वर्षं खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, बेवारस प्रेतांचे पंचनामे केले. त्यातलं बरंचसं आता नीट आठवतसुद्धा नाही. पण पंधरा-सोळा फुटांची एक लाकडी होडी आणि तिच्यासाठी आमच्या ठाण्याच्या फाटकाशी ठाण मांडून बसलेली एक बाई, या दोन्ही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. नावं कोणाचीच सांगणार नाही. काही माणसं आज हयात नाहीत, आणि जी आहेत त्यांच्यातल्या एकाचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. खाडीपलीकडे नवं शहर उभं राहत होतं. वाशीला इमारती झाल्या होत्या, बाकी सगळीकडे मिठागरं, भातखाचरं आणि तिवरांचं रान. आमचं ठाणं दोन भाड्याच्या गाळ्यांत होतं. मागे मोकळी जागा, तिला आम्ही मुद्देमालाचं आवार म्हणायचो. गावठी दारू भरलेल्या ट्रकच्या ट्यूबा, चोरीच्या सायकली, अपघातातली एक मेटॅडोर, सगळं तिथे ऊन खात पडलेलं. मी नवा फौजदार. घाटावरचा माणूस, शेतकऱ्याचा पोरगा. खाडीची मला ओळखसुद्धा नव्हती, पण गणवेश अंगावर चढला की माणसाला सगळं कळतं असं वाटायला लागतं, तसं मलाही वाटत होतं.

मे महिन्यातला शुक्रवार. खाडीकाठच्या एका शिडाच्या होड्यांच्या क्लबाचा सेक्रेटरी ठाण्यात आला. पांढरे बूट, गळ्यात गॉगल. त्याच्या आधी त्याच्याबद्दलचा वरून फोन येऊन पोचला होता. फिर्याद अशी, की क्लबाच्या आठ होड्यांपैकी पाच नंबरची होडी शेडमधून चोरीला गेली.

"इन्स्पेक्टर, ही साधी होडी नाही," तो मला म्हणाला. मी इन्स्पेक्टर नव्हतो, पण ते ऐकायला बरं वाटलं. "रेसची बोट आहे. ब्रिटिशांच्या काळातलं डिझाइन. आठही बोटी एकाच नकाशावरून बांधलेल्या. लांबी, रुंदी, वजन, शीड, सगळं सेम. कोणाची बोट चांगली हा प्रश्नच नाही, ज्याचा हात चांगला तो जिंकतो. हीच तर या रेसची गंमत आहे."

हे शेवटचं वाक्य त्याने छाती पुढे काढून सांगितलं होतं. ते मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, खबर आली. आमचा एक खबरी तिवरांत दारूच्या भट्ट्यांवर नजर ठेवून असायचा. तो म्हणाला, करावे गावात खाडीला लागून एका मिस्त्रीची शेड आहे, तिथे ताडपत्रीखाली क्लबासारखीच एक होडी झाकून ठेवलीय. मिस्त्री म्हणजे होड्या बांधणारा सुतार. क्लबाच्या होड्या गेली वीस वर्षं तोच दुरुस्त करत होता. मी मनात म्हटलं, झालं, चोर घरातलाच निघाला. जीप काढली, दोन पंच घेतले, सेक्रेटरीला बरोबर घेतलं आणि निघालो.

होडी होती. ताडपत्री ओढली तर खाली हुबेहूब तशीच. लाकूड जुनं, सागाचं. वर ताजा निळा रंग. नंबर कुठेच नाही. सेक्रेटरीने बरोबर लाकडी साचे आणले होते. क्लबाच्या होड्या मापात आहेत की नाहीत ते बघायला हे वक्राकार साचे होडीच्या कुशीला लावून बघतात. त्याने उजव्या कुशीला एकेक साचा लावला. पाचही असे बसले की मध्ये दोरा जाणार नाही.

"बघा," तो म्हणाला, "रंग बदलला, नंबर खरवडला. पण माप कसं लपवणार?"

डावी बाजू शेडच्या भिंतीला टेकलेली होती. तिकडे साचे लावायला होडी सरकवावी लागली असती. तो म्हणाला, "एवढं पुरे." मीही म्हटलं, पुरे. पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या. होडी एक नग, ताडपत्री एक नग.

मिस्त्री पन्नाशीचा. काळा, सडपातळ, हाताची बोटं लाकडासारखी कडक. तो पळाला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "सायब, ही माजी होरी हाय. मी बांदलीय." तिथले कोळी होडीला होरी म्हणतात.

ठाण्यात आणून चौकशी सुरू केली. आमचे जमादार जबाब लिहीत होते. वय झालेलं, शब्दाला शब्द लावून लिहिणारे, सावकाश. मला त्यांच्या त्या संथपणाचा वैताग यायचा.

"तू बांधलीस? नकाशा कुठाय?"

"नकाशा नाय. दोरी हाय."

त्याने खिशातून सुताची एक लांब दोरी काढली. तिला जागोजाग गाठी मारलेल्या, काही गाठींत रंगीत चिंध्या अडकवलेल्या. म्हणाला, वीस वर्षं होड्या माझ्या हाताखालून गेल्या, त्यांची मापं मी या दोरीवर घेतली. मासेमारीच्या एका मोडलेल्या जुन्या मचव्याचा साग मिळाला, त्याच्या फळ्या काढल्या, दोन पावसाळे लागले.

मला हसू आलं. विलायती नकाशावरची होडी आणि हा गाठीच्या दोरीवर बांधणार! मी विचारलं, "आणि कशाला बांधलीस रे? मासे पकडायला?"

"शर्यतीला," तो म्हणाला. "कलबाचा नियम हाय. मापात बसंल अशी होरी ज्याची असंल त्यानं यावा. पुरचे आयतवारी शर्यत हाय. वीस वर्सं मी त्यांच्या होऱ्या पान्यात लोटतंय, सायब. येकदा मना सुकानू धराचाय."

मी त्याच्या थोबाडीत मारली. का मारली? त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. माझ्या टेबलासमोर उभं राहून एक आरोपी खाली मान न घालता बोलत होता, एवढंच मला सहन झालं नाही. दुसरं कारण नाही, आणि खोटं कारण या वयात मी देणार नाही. जमादारांचं लिहिणं क्षणभर थांबलं, पुन्हा सुरू झालं.

मिस्त्रीने गाल चोळला नाही. तो खिडकीतून मागे आवारात बघत होता. तिथे आमच्या शिपायांनी होडी ट्रकवरून उतरवून कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवली होती.

"सायब, तिला सावलीत ठेवा," तो म्हणाला. "आनि तिच्यावर पानी मारा. सकाल-संध्याकाल. नायतर ती मरंल."

आता माझ्या हुशारीची कमाल ऐका. मला वाटलं, हा बेरकी माणूस पुरावा धुवायला बघतोय. रंग ताजा आहे, पाण्याने काहीतरी होणार असेल, ठसे जाणार असतील. मी बाहेर जाऊन शिपायांना बजावलं, "होडीला पाण्याचा एक थेंब लागला तर याद राखा." ताडपत्री तर आधीच वेगळा नग म्हणून सील करून, चिठ्ठी लावून मुद्देमालाच्या खोलीत फळीवर ठेवली होती. नियमाप्रमाणे. वरती मे महिन्याचं ऊन आणि खाली होडी उघडी. मिस्त्रीच्या जबाबाखाली मी सही ठोकली आणि जेवायला गेलो.

रविवारी सुट्टीच्या कोर्टापुढे त्याला उभं केलं. शनिवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. सेक्रेटरीचा फोन आला, "वेल डन. आता टेन्शन नाही." मी खूश होतो. हो, खूश होतो.

सोमवारपासून फाटकाशी ती बाई बसायला लागली. मिस्त्रीची बायको. नऊवारी गुडघ्यापर्यंत, डोक्यावर पाटी, आवाज असा की दोन गाळ्यांच्या आमच्या ठाण्यात कुठेही बसलं तरी ऐकू यावा.

"काय रं मेल्यांनो! चोर कवा अर्ज करून चोरी करतो काय? मना आत सोरा! तुमच्या त्या सायबाला भेटाचाय मना!"

शिपाई तिला हाकलायचे. ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची, पाटी खाली ठेवायची आणि तिथून सुरू व्हायची. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मी दार लावून घ्यायला सांगितलं. मिस्त्रीकडून चोरीची कबुली येत नव्हती आणि साथीदाराचं नावही येत नव्हतं. रोज सकाळी लॉकअपच्या गजांपाशी गेलो की तो एकच विचारायचा, "पानी मारलं काय?" जमादार एकदा दबकत म्हणाले, "साहेब, याला स्वतःची नाही, होडीचीच काळजी आहे." मी म्हटलं, "नाटकी आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीतून माणसाबद्दल मी एक गोष्ट शिकलो. खोटा माणूस स्वतःच्या इज्जतीबद्दल बोलतो, खरा माणूस त्याच्या वस्तूबद्दल बोलतो. पण हे शिकलो त्या प्रकरणानंतर. त्या आठवड्यात दोन्ही प्रकारची माणसं माझ्यापुढे होती आणि मी उलटं समजत होतो.

गुरुवारी दुपारी डोकं उठलं म्हणून मीच वैतागून म्हटलं, "आणा तिला आत, काय ते एकदाचं बोलून जाऊ दे." ती आली. पाटीतून सुकटीचा डबा काढला, डब्यातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून एक कागद. कागदाला सुकटीचा वास येत होता. क्लबाच्या नावाने केलेला अर्ज होता, कोणाकडून तरी लिहून घेतलेला. 'मी स्वतः बांधलेली होडी मोजून शर्यतीस घ्यावी.' खाली मिस्त्रीचा अंगठा, आणि त्याखाली क्लबाचा पोच मिळाल्याचा शिक्का. शिक्क्यावरची तारीख फिर्यादीच्या अकरा दिवस आधीची.

"आता वाच," ती मला म्हणाली. अहो-जाहो नाही, काही नाही. "वाच आनि सांग, यो चोर हाय काय?"

मी क्लबाला फोन लावला. सेक्रेटरी जराही अडखळला नाही. "अर्ज काय, कोणीही देईल. होडी नव्हतीच त्याच्याकडे. अर्ज दिला, मग होडी दाखवायला हवी म्हणून आमची उचलली." चोख उत्तर होतं. पण असा अर्ज आलेला आहे हे त्याने फिर्यादीत मला सांगितलं नव्हतं. आठवडाभर सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा माझ्या मनात काहीतरी टोचलं.

मी कपाटातून केसचे कागद काढले आणि मिस्त्रीचा जबाब वाचायला बसलो. हो, वाचायला. सही शनिवारी केली होती, वाचला गुरुवारी. जमादारांच्या त्या सावकाश, गोल अक्षरात, त्या एकाच पानावर, मधोमध एक वाक्य होतं: 'पाच नंबरचे होडीची डावी कूस फुगीर आहे, कारण ती होडी धक्क्यास आपटली असता तिची फळी मीच बदलली होती व ती नीट बसली नाही. माझे होडीच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत, कारण मी माप फक्त उजवे बाजूचे घेतो व डावी तिच्यावरून काढतो.'

डावी बाजू! शेडमध्ये भिंतीकडे होती ती. आमच्या आवारातही शिपायांनी डावीच बाजू भिंतीकडे केली होती. आठवडाभर त्या बाजूकडे कोणी बघितलंच नव्हतं. आणि सेक्रेटरीने साचे उजवीकडे लावून "एवढं पुरे" म्हटलं होतं.

मी सेक्रेटरीला पुन्हा फोन करून पाच नंबरच्या मोजणीचं कार्ड मागितलं. प्रत्येक होडीचं असं कार्ड असतं. तो म्हणाला, ते हरवलंय. बरं. जमादारांना विचारलं, कार्डाची दुसरी प्रत कुठे असेल? त्यांनी लॉकअपमधल्या मिस्त्रीलाच विचारलं आणि दोन मिनिटांत उत्तर आणलं. मुंबईत एक वयस्क गृहस्थ आहेत, या होड्यांची अधिकृत मोजणी तेच करतात, त्यांच्याकडे सगळ्या प्रती असतात. जमादार शुक्रवारी पहिल्या बसने गेले आणि दहाच्या सुमाराला त्या गृहस्थांनाच घेऊन आले.

सत्तरीचे, छत्री घेऊन आलेले, बोलायला मोजके. त्यांनी कार्ड दाखवलं. पाच नंबर, डावी कूस, तिसऱ्या साच्याला पाव इंच जास्त, जुनी दुरुस्ती म्हणून चालवून घेतली. मग आम्ही होडी भिंतीपासून ओढली. त्यांनी डाव्या बाजूला साचे लावले. पाचही बसले. मग कोट काढून ते तासभर मोजतच राहिले. लांबी, रुंदी, डोलकाठीची जागा, सुकाणू. शेवटी उठले आणि मला म्हणाले, "ही पाच नंबर नाही. क्लबाच्या आठांपैकी कोणतीच नाही. आठही होड्यांपेक्षा ही नकाशाला जवळ आहे. कोणी बांधली?"

मी लॉकअपकडे बोट दाखवलं. त्यांनी छत्री उचलली, मोजणीचं नवं कार्ड भरलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. नववी होडी, मालकाचं नाव मिस्त्रीचं.

मग पाच नंबर गेली कुठे? मी थेट क्लबाच्या शेडवर गेलो. तिथे दोन रखवालदार होते. ही होडी उचलायला चार माणसं लागतात, हे आमच्या शिपायांना उतरवताना कळलं होतं. एकट्या मिस्त्रीने ती नेली कशी, हा प्रश्न पोरालाही पडला असता, मला पडला नव्हता. मी रखवालदारांना विचारलं, "पाच नंबर शेवटची कधी पाहिली?"

"ट्रकवर चढवली तेव्हा," एक जण म्हणाला. "सेक्रेटरी साहेब बोल्ले, रंगाला पाठवायचीय. आम्ही दोघं, माळी आणि ड्रायव्हर, चौघांनी उचलली."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"आम्हाला कोणी विचारलंच नाही, साहेब."

ऐकलंत? कोणी विचारलंच नाही. चोरीची फिर्याद, आणि फौजदाराने चोरी झाली त्या जागेच्या रखवालदारांना काही विचारलं नाही. कारण वरून फोन आला होता, बोलणारा पांढऱ्या बुटांचा होता, आणि चोर म्हणून सापडलेला माणूस अंगठेबहाद्दर होता. एवढ्यावर मी केस उभी केली होती.

त्या ड्रायव्हरनेच जागा दाखवली. सानपाड्याच्या बाजूला मिठाच्या एका रिकाम्या गोदामात पाच नंबर सापडली, पेंढ्याखाली. मी तिच्या डाव्या कुशीवरून तळहात फिरवला. फुगीर होती. हाताला सहज कळत होती.

संध्याकाळी सेक्रेटरी माझ्यासमोर बसला. आधी त्याने सांगून पाहिलं की क्लबाचीच होडी, क्लबाच्याच माणसाने हलवली, यात गुन्हा कसला. मी म्हटलं, मग चोरीची फिर्याद कसली? त्याने खुर्ची पुढे ओढली. मग आवाज खाली आणून, जसं काही मी त्याच्यातलाच एक आहे अशा थाटात म्हणाला, "तुम्ही समजून घ्या ना. तो आमच्याकडे कामाला येतो. बोटी घासतो, रंगवतो. उद्या तो स्टार्टिंग लाइनवर आमच्या शेजारी येणार? नियम आहे, नाही म्हणता येत नव्हतं. आणि हात त्याचा चांगला आहे, आम्हाला माहितीय. जिंकला असता. कप द्यायच्या वेळी सगळ्यांच्या फॅमिलीज असतात हो. मला फक्त हा रविवार जाऊ द्यायचा होता. नंतर मी केस मागेच घेणार होतो."

माझा हात उठला. तोच हात, तोच उजवा. जमादारांनी तो वरच्या वर धरला, "साहेब, नको." आणि बरोबर केलं त्यांनी, आरोपीला मारायचा अधिकार मला नव्हता. पण मिस्त्रीवर उठला तेव्हा तो हात कोणी धरला नव्हता. मीही नाही, जमादारांनीही नाही. हे त्यांना नंतर मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "खरंय साहेब. मलाही लाज वाटते."

जप्त झालेला मुद्देमाल परत द्यायला कोर्टाचा हुकूम लागतो. शनिवारी सकाळी ठाणे शहरातल्या कोर्टात धावलो, मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर चूक कबूल केली, चार शब्द ऐकून घेतले, हुकूम घेतला. मिस्त्री सुटला. दुपारी त्याला आवारात आणलं. त्याची बायकोही आली.

तो होडीपाशी गेला. आठ दिवसांच्या उन्हाने फळ्या आक्रसल्या होत्या, रंगाचे पोपडे सुटले होते. त्याने दोन फळ्यांमधल्या फटीत करंगळी घातली. ती आरपार गेली, पलीकडे मला तिचं टोक दिसलं. तसाच तो होडीभर फिरला, एकेक फट चाचपत. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

आणि तेव्हा मला माझा बाप आठवला. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकांची लाकडं सुकायची, लोखंडी धाव ढिली व्हायची. बाप चाकं काढून ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं, धाव घट्ट बसते. दहा वर्षांचा असताना मी स्वतः ती चाकं ढकलत ओढ्यावर नेलेली आहेत! वाळलेल्या लाकडाला पाणी लागतं हे मला कोळ्याने शिकवायची गरज नव्हती. मला ते ठाऊक होतं. फक्त समोरचा माणूस चोर आहे असं एकदा ठरवलं, की ठाऊक असलेलंही आठवत नाही.

"फुगायला किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"चार-पाच," तो म्हणाला. शर्यत दुसऱ्या दिवशी अकराला होती.

तरी त्यांनी प्रयत्न केला. सगळं गाव धावलं. होडी खाडीत नेऊन दगड भरून बुडवून ठेवली, पहाटे वर काढली, फटींत कापूस आणि राळ ठोकली. मीही तिथे होतो, दगड उचलत होतो. कोणी मला हाकललं नाही, कोणी पाणीही विचारलं नाही.

रविवारी क्लबाच्या धक्क्यावर खुर्च्या मांडलेल्या, फॅमिलीज आलेल्या. सेक्रेटरी फिरकला नाही. मोजणीवाले गृहस्थ मात्र सुरुवातीच्या रेषेपाशी छत्री उघडून बसले होते, त्यामुळे नववी होडी परत पाठवायची कोणाची छाती झाली नाही. शर्यतीला होडीत दोन माणसं लागतात. मिस्त्री सुकाणूवर बसला. दुसरी त्याची बायको, हातात पत्र्याचा डबा घेऊन.

तीन फेऱ्यांची शर्यत. मला शिडातलं काही कळत नाही, पण पहिल्या फेरीच्या शेवटी निळी होडी सगळ्यांच्या पुढे होती एवढं कळलं. पाच नंबर आता मुद्देमालात अडकलेली, क्लबाच्या बाकी सात होड्या मागे, मध्ये चांगलं दोनशे हात पाणी. गावकरी तिवरांपाशी उभे राहून ओरडत होते. मी पण ओरडलो, गणवेशात. ती बाई डब्याने पाणी उपसत होती, थांबत नव्हती. दुसऱ्या फेरीत होडी जड दिसायला लागली. अंतर कमी होत गेलं. तिसऱ्या फेरीत शेवटच्या खुणेच्या अलीकडे पाणी काठावरून आत आलं आणि होडी तळाला बसली. उथळ जागा होती. मिस्त्री छातीभर पाण्यात डोलकाठी धरून उभा राहिला आणि सातही होड्या त्याच्या बाजूने निघून गेल्या. एकानेही थांबायला शीड ढिलं केलं नाही. खुर्च्यांवरून टाळ्या झाल्या, त्या पहिल्या आलेल्यासाठी.

ती बाई चिखल तुडवत किनाऱ्याला आली. ओलीचिंब, डबा हातातच. मी पुढे झालो. काय बोलणार होतो देव जाणे. ती माझ्यासमोर थांबली. या वेळी आवाज चढा नव्हता.

"सायब, त्यानं तुमच्याकडं सुटका नाय मागितली. पानी मागितलं. तिच्यासाठी."

आणि ती गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. खोट्या फिर्यादीबद्दल सेक्रेटरीवर खटला भरावा म्हणून मी अहवाल पाठवला. तीन वेळा पाठवला. वरून पुन्हा फोन आले, 'गैरसमजातून फिर्याद' असा शेरा पडला आणि कागद दप्तरी गेले. क्लबाने पुढच्या वर्षी नियम बदलला, शर्यत फक्त सभासदांसाठी. मिस्त्रीने होडी दुरुस्त केली आणि तीत खेकड्यांची जाळी टाकून खाडीत जायला लागला. मी त्याची माफी मागायला गेलो होतो. तो रंधा मारत होता. म्हणाला, "बसा सायब," आणि रंधा मारत राहिला. मी तासभर बसलो आणि उठून आलो.

या प्रकरणाने काय शिकवलं असं लोक विचारतात. मोठं काही नाही. त्यानंतर मी न वाचता सही केली नाही, आणि कोणाला थोबाडीत मारली नाही. पण त्याचा मिस्त्रीला काय उपयोग?

बदली व्हायच्या आधी मी ते कागद एकदा पुन्हा काढून पाहिले होते. जबाबाचं ते पान. डाव्या कुशीचं ते वाक्य मधोमध होतंच. त्याच्या खाली, पानाच्या शेवटी, जमादारांनी एक ओळ लिहिली होती, कारण ते शब्दाला शब्द लिहायचे: 'आरोपीची विनंती आहे की, होडी सावलीत ठेवून तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे.' आणि त्याला लागूनच खाली माझी सही आहे, पूर्ण नावाची, तारखेसह.